पोहता येणाऱ्यानेही उडी मारायची नाही!



उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि पावसाळ्याच्या दिवसांत वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते. गाव बदलतं, नावं बदलतात, मजकूर तोच असतो. शेततळ्यात एक मुलगा पाय घसरून पडला, त्याला वाचवायला दुसरा उतरला, मग तिसरा. तुम्हीही हळहळला असाल आणि पान उलटलं असेल. मी तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करतो. ही मुलं बऱ्याचदा आधी आमच्याकडे आणली जातात, त्यामुळे मला पान उलटता येत नाही.

या बातमीतला आकडा नीट बघा. पहिलं मूल अपघाताने बुडतं. दुसरं आणि तिसरं मूल धाडसाने बुडतं. पहिला अपघात टाळायला कुंपण लागतं. पुढचे दोन मृत्यू टाळायला फक्त शिकवण लागते, आणि ती देण्याची सगळ्यात योग्य जागा म्हणजे शाळा.

शाळाच का?

कारण मूल बुडतं तेव्हा जवळ मोठं माणूस बहुतेक वेळा नसतंच. आईवडील रानात, मजुरीला किंवा कामावर असतात. मुलांच्या सोबतीला मुलंच असतात. म्हणजे पहिला मदतनीस सातवी-आठवीतला कुणीतरी असणार, हे आपण ठरवलेलं नसलं तरी ठरलेलंच आहे. त्याला शिकवायचं की नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगभरात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली. 5 ते 14 वयोगटातल्या मृत्यूंच्या कारणांत बुडणं तिसऱ्या क्रमांकावर आहे. मुलांना पोहायला आणि पाण्याजवळ सुरक्षित राहायला शिकवणं, तसंच लोकांना सुरक्षित बचाव आणि श्वास देणं शिकवणं, हे उपाय संघटनेने सुचवले आहेत. बांगलादेशात गावच्या तळ्यातच बांबूचा मंच बांधून मुलांना पोहायला शिकवतात. त्यासाठी महागडा तरणतलाव लागत नाही.

बुडताना नेमकं काय होतं?

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, 'वाचवा' म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात बुडणं बहुतेक वेळा शांत असतं. तोंड पाण्याबाहेर येतं तेवढ्या क्षणात श्वास घ्यायचा असतो, ओरडायला हवाच उरत नाही. हात आपोआप पाणी खाली दाबत राहतात. अशा माणसाच्या हाताला जे लागेल त्याला तो घट्ट धरतो आणि त्याच्यावर चढून वर यायला बघतो. यात त्याचा काही दोष नाही, जीव वाचवायला शरीर तसंच वागतं. म्हणूनच उत्तम पोहणारा मित्रसुद्धा खाली ओढला जातो.

2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून राज्यात गावोगावी तळी झाली. शेतकऱ्याला त्यांचा मोठा आधार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याचे काठ उतरते असतात, त्यावर शेवाळ धरतं. विहिरीला निदान पायऱ्या किंवा कपारी असतात. इथे पाय रोवायला आणि हात धरायला काहीच नसतं. पोहणारा माणूसही काठाला येऊन पुन्हा पुन्हा घसरतो आणि दमून जातो.

मैदानावरचं तळं

शाळांमध्ये मी भाषण कमी करतो. मैदानावर फक्कीने एक मोठा चौकोन आखतो, ते आमचं शेततळं. एका मुलाला मध्ये उभं करतो आणि बाकीच्यांना सांगतो, "हा बुडतोय. वाचवा." दरवेळी एकच घडतं. पोरं जीव खाऊन आत धावतात. मग मी सगळ्यांना जागच्या जागी थांबवतो आणि विचारतो, "आता बुडणारे किती?" मुलं मोजतात. एकदा उत्तर आलं, "अकरा!" आधी हशा झाला. मग हळूहळू हसणं थांबलं.

एका शाळेत आठवीतल्या एका मुलाने सरळ विचारलं, "डॉक्टर, मित्र डोळ्यांसमोर बुडतोय आणि आपण काठावर उभं राहायचं? सगळे भित्रा म्हणतील."

प्रश्न अगदी खरा आहे. आपण मुलांना ज्या शौर्याच्या गोष्टी सांगतो, त्यात उडी मारणाराच शूर असतो. मी त्याला सांगितलं, "काठावर उभं राहायचं नाही, काठावर काम करायचं." ही कामं तीन आहेत:

1. बोलवा. जोरात ओरडा, एकाला मोठ्या माणसाकडे पळवा. फोन असेल तर 112 किंवा 108 लावा.
2. फेका. कासरा, ओढणी, साडी, बांबू, ठिबकची नळी, जे हाताला लागेल ते. झाकण घट्ट लावलेला रिकामा तेलाचा कॅन दोरीला बांधून फेकला तर माणूस त्याला धरून तरंगू शकतो. कॅनमध्ये थोडं पाणी ठेवलं की तो नीट फेकला जातो. ओढताना पोटावर झोपा, नाहीतर तुम्हीच आत जाल.
3. अडवा. दुसऱ्या कुणाला उडी मारू देऊ नका. दंड धरून ठेवा.

तिसरं काम सगळ्यात अवघड आहे. रडत, ओरडत पाण्याकडे धावणाऱ्या भावाला धरून ठेवायला उडी मारण्याइतकीच हिंमत लागते. आणि ते काम ऐनवेळी सुचत नाही. आधी दहा वेळा केलेलं असावं लागतं.

पुढारी कोण?

अनेक शाळांत आरएसपीची पथकं असतात, स्काऊट-गाईड असतात. आयुष्मान भारत योजनेतल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात (2020) प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत आणि विद्यार्थी त्यांचे संदेशवाहक, अशी रचना आहे. त्यातल्या 11 विषयांपैकी एक हिंसा आणि इजांपासून सुरक्षितता हा आहे. म्हणजे चौकट तयार आहे. प्रश्न असतो तो बिल्ला कुणाच्या छातीवर लावायचा याचा.

सहसा तो पहिल्या नंबरच्या मुलाला मिळतो. मी वर्गाला वेगळा प्रश्न विचारतो, "सुट्टीत तुम्ही कुणाच्या मागे हिंडता?" क्षणात दोन-तीन नावं येतात आणि ती बरेचदा शेवटच्या बाकावरची असतात. मुलींमध्ये धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरणारी एखादी ताई असते. दोरी मी यांच्याच हातात देतो. कारण "चला तळ्यावर" म्हणणारा तोच असतो. तो "आज नको" म्हणाला तर सगळी टोळी मागे फिरते. शिक्षकांच्या शंभर सूचनांनी होणार नाही ते त्याच्या एका शब्दाने होतं. ज्याला शाळेत आजवर फक्त बोलणी मिळाली, त्याच्यावर जबाबदारी टाकून बघा, तो ताठ उभा राहतो.

बाहेर काढल्यावर काय करायचं?

हा भाग मोठ्यांनीही नीट वाचा. श्वास थांबल्यावर काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते.

- पोट दाबू नका, मुलाला उलटं धरून फिरवू नका. यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी, अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं.
- मिठात पुरल्याने मूल जिवंत होतं, हा व्हॉट्सॲपवरचा दावा धादांत खोटा आहे.
- मूल हाक मारूनही हलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर डोकं किंचित मागे करून नाक चिमटीत धरा आणि आधी तोंडाने दोन श्वास द्या. बुडण्यात मूळ अडचण ऑक्सिजनची असते.
- मग छातीच्या मध्यावर 30 दाब, पुन्हा 2 श्वास. वेग मिनिटाला 100 ते 120. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत किंवा मूल श्वास घेऊ लागेपर्यंत थांबू नका.
- मूल शुद्धीवर आलं, बोलू लागलं, तरी दवाखान्यात आणा. पुढच्या काही तासांत दम लागू शकतो.

वाचून सीपीआर येत नाही, हात लावून शिकावा लागतो. वयाच्या 12 व्या वर्षापासून दरवर्षी दोन तास तो शाळेत शिकवावा, या मोहिमेला जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये पाठिंबा दिला आहे. वर्षातले फक्त दोन तास!

तुम्ही काय कराल?

शेततळं असेल तर तारेचं कुंपण करा. ते होईपर्यंत चारी बाजूंना गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठेवा, काठावर एक हवा भरलेली ट्यूब ठेवा. पालक असाल तर मुलांना विचारा, "मित्र पाण्यात पडला तर काय करशील?" उत्तर "उडी मारीन" असं आलं, तर शाबासकी देण्याआधी त्यांना वरची तीन कामं सांगा. आणि शिक्षक असाल, तर एक दोरी, एक रिकामा कॅन आणि थोडी फक्की लागते. जवळच्या डॉक्टरांना बोलवा, बहुतेक जण आनंदाने येतील.

उन्हाळी सुट्टी लागण्याआधीचा एक तास यासाठी राखून ठेवा.