तुळशीच्या कुंडीतलं सोनं

श्रावणात एका सकाळी लेक ओरडतच आत आली, "आई, कुंडीत अळमी उगवलीत!" पाहते तर तुळशीच्या बुडाशी बोटभर उंचीच्या पाच-सहा सोनेरी छत्र्या. आदल्या संध्याकाळी तिथं काहीच नव्हतं. शेजारीण म्हणाली, फार दुर्मिळ, फोटो काढून ठेव. लेकीच्या मुठीत मात्र दोन खुडलेल्या! "तोंडात घातलीस?" माझा आवाजच बसला. तिनं मान हलवली. भाजीसाठी आणली होती म्हणे.

सासूबाईंनी एकच विचारलं, "वारुळावरची का?" आपण गोव्यात चवीनं खातो ती अळमी वारुळावर येतात, वाळवी आत जी बुरशी पोसते, तिचीच ती. ही कुंडीतली.

मग नीट पाहिलं. टोपीवर पिवळे बारीक खवले, कडेला रेघा, देठावर नाजूक कडं, टोपीखालच्या पापुद्र्याही पिवळ्याच. नाव ल्यूकोकोप्रिनस बर्नबॉमी. प्रागच्या एका काचगृहात बर्नबॉम नावाच्या बागकाम पाहणाऱ्याला ती सापडली, म्हणून कोर्डानं १८३९ मध्ये हे नाव दिलं. म्हणजे दुर्मिळ कसली! जगभर कुंड्यांतून फिरते. कुजका पाला, शेणखत, ओल आणि ऊब मिळाली की झालं. तुळशीला त्रास नाही, पोटात गेली तर मात्र उलट्या-जुलाब.

दुसऱ्या दिवशी छत्र्यांनी माना टाकल्या होत्या. लेक अजून रोज कुंडीत डोकावते, हात पाठीमागे बांधून.