दोन ठिकाणी एकच मोजणी

अलिबागची चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेची भूचुंबकीय मोजणी बिघडणार, हे तिचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं आणि अलिबागची जागा निवडली. 1904 साली इथे काम सुरू झालं. कुलाबा मात्र लगेच बंद केलं नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे बरोबरीने नोंदी घेतल्या, म्हणून जुनी मालिका अखंड राहिली. दूर राहून एकत्र संशोधन कसं करावं, हे आपल्या दारातच शिकायला मिळतं.

*

सप्टेंबर 1859 च्या चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्यात झाली होती. तिच्यावर 2003 साली अमेरिका, ब्राझील आणि भारतातल्या शास्त्रज्ञांनी मिळून निबंध लिहिला. नीट ठेवलेली वही जवळपास दीडशे वर्षांनीही माणसं जोडते.

*

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 चं, मुख्यालय नाशिकला. शिकवणारे समंत्रक मात्र गावोगावच्या अभ्यासकेंद्रांत. संपर्कसत्र घ्यायचं, गृहपाठ तपासायचे, घरी जायचं. शेजारच्या तालुक्यात आपलाच विषय कोण शिकवतं, याचा पत्ता नसतो. एकत्र संशोधनाची सुरुवात इथून व्हावी: विषयवार यादी आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष भेट.

*

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार दूरशिक्षणाने पीएच.डी. करता येत नाही. म्हणून संशोधन आपलं कामच नव्हे, असं काही जण धरून चालतात. शिक्षकांनी मिळून एखादा प्रश्न हाती घ्यायला हा नियम कुठेच आड येत नाही.

*

प्रश्न तर समोर आहे: पेण-अलिबागची खारजमीन. बांधातली उघाडी, म्हणजे झडपेची मोरी, पाहावी. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तशी झडप मिटते. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून खाडीत उतरतं. झडप कुजली की खारं पाणी थेट शेतात. उन्हाळ्यात खालचं मीठ वर येतं, पावसात धुऊन जातं, मग भात लागतो. यात रसायन आहे, भूगोल आहे, शेतीचं अर्थकारण आहे. याच भागातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 संप केला, जमिनी पडीक ठेवल्या. म्हणजे इतिहासवालाही हवा. एकट्या प्राध्यापकाला हे पेलणारं नाही.

*

मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी अशा बांधांलगतच राहतात. पेण, मुरूड, श्रीवर्धनला एकाच दिवशी, भरतीच्या एकाच टप्प्यावर पाण्याचा खारेपणा त्यांना मोजता येईल. नमुने कसे घ्यायचे, हे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राला विचारावं.

*

पद्धत आधी एकत्र बसून ठरवावी. नोंदवही सगळ्यांना खुली असावी. लेखकांची नावं कामाआधीच ठरावीत. ज्याने मोजलं आणि विचार केला, त्याचं नाव आभारात ढकलू नये. समंत्रकाला तासाचं मानधन मिळतं, तसं संशोधनाच्या तासांचंही मिळावं, प्रवासखर्चासकट. एवढं विद्यापीठाने केलं, तर माणसं पुढे येतील, अशी माझी खात्री आहे.