शेवटच्या खेपेचा माणूस

आमच्या घरात पुढारी कोणी झालं नाही. ग्रामपंचायतीला कोणी उभं राहिलं नाही, साखर कारखान्याच्या संचालक मंडळाकडं कोणी फिरकलं नाही. पण भीमेच्या उतारावर गर्दीच्या दिवशी उभी राहणारी माणसं या घरानं पिढ्यान् पिढ्या दिली. त्यांना कोणी नेमलेलं नव्हतं, आणि त्या कामाची दमडी कधी कोणी घेतली नाही. आम्ही चुलत, आते, मामे अशी सगळी भावंडं आता साठीच्या अल्याड-पल्याड आलो आहोत. दिवाळीला किंवा कुणाच्या लग्नाला जमलो की उसाचा भाव, गुडघेदुखी हे विषय भराभर आटोपतात. मग बोलणं नावेवर येतं आणि मध्यरात्र उलटली तरी चालू राहतं. त्या बोलण्यातलंच हे.

घर दौंड तालुक्यात, शिरापूरच्या शिवेला. समोर भीमा, भीमेपलीकडं तेव्हाचा नगर जिल्हा आणि टेकाडावरचं सिद्धटेक. आजोळ शिरूरचं. आमच्याकडची जुनी माणसं शिरूर म्हणत नसत, गावालाही घोडनदी आणि नदीलाही घोडनदी. ती घोड दौंडच्या वरच्या अंगाला भीमेत येते. त्याच्याही वर, रांजणगाव सांडसजवळ, पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळालेली असते. म्हणजे मामांच्या घाटावरचं पाणी आणि पुण्याच्या संगमावरचं पाणी, दोन्ही आमच्या दारावरून जायचं. मामा आईला म्हणायचे, “ताई, कार्ड कशाला टाकू? नदीत चिठ्ठी सोडतो, पोचंल दोन दिवसांत.”

दौंड तसं रेल्वेचं गाव. मनमाडचा रेल्वेमार्ग १८७८ पासूनचा, दौंड सोडलं की गाडी भीमेवरून धडधडत जाते. पण गाडीला पूल होता म्हणून माणसांना होता असं नाही. शिरापूरहून सिद्धटेकला जायचं तर नाव. अष्टविनायकाला निघालेल्या लोकांना या ठिकाणी एसटीतून उतरून नदी ओलांडावी लागायची, तेव्हा कुठं अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं ते देऊळ गाठता यायचं. भाद्रपदातली आणि माघातली चतुर्थी म्हणजे काठावर माणसाला माणूस लागलेलं.

नाव नावाड्याची. गाव त्याला सुगीला खळ्यावर धान्य द्यायचं, परगावच्या लोकांकडून तो पैसे घ्यायचा. आबा, म्हणजे आमचे थोरले चुलते, नावाडी नव्हते. त्यांची शेती होती, दोन बैल होते, विहिरीवर इंजिन होतं. पण चतुर्थीला, बाजारच्या दिवशी आणि पाणी चढलं की ते काठावर असायचे. त्यांचे नियम आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. आधी बाळंतीण आणि आजारी, मग दप्तरवाली पोरं, मग दूधवाले, मग बाकी सगळे. जनावरांची खेप वेगळी. प्यालेला माणूस नावेत नाही, मग तो गावचा असो की पाहुणा. आणि नाव कितीही मोठी असली तरी पाण्याच्या वर हातभर फळी कोरडी दिसली पाहिजे.

त्या हातभर फळीवरून मोठमोठ्यांशी वाद झालेले आम्ही पाहिलेत. एकदा एक मोठे अधिकारी कुटुंबासह आले. नाव भरलेली, तरी त्यांना त्याच खेपेला जायचं होतं. आबांनी आवाज चढवला नाही. “साहेब, ती फळी बघा. ती भिजायला लागली की मी माझ्या सख्ख्या भावालाबी चढू देत न्हाय,” एवढंच म्हणाले. साहेब थांबले. पुढच्या खेपेला आबांनी स्वतः त्यांच्या आईला हात धरून नावेत बसवलं. नाही म्हणायचं आणि नाही म्हटलेल्या माणसाला पुन्हा आपलंसं करायचं, ही दोन्ही कामं एकाच माणसाची असतात, हे आम्हाला असं समोर दिसलं.

आबा स्वतः कायम शेवटच्या खेपेला जायचे. पलीकडं काम असो, पाऊस असो, घरी पाहुणे खोळंबलेले असोत.

मोजणी आत्याकडं. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या ओच्यात चिंचोके असायचे. माणूस नावेत चढलं की एक चिंचोका उजव्या हातातून डाव्या मुठीत. नाव सुटली की ती डावी मूठ तशीच घट्ट आवळून उभी राहायची, कुणाशी बोलायची नाही. पलीकडून नावाडी ओरडून आकडा सांगायचा आणि इकडं आत्या एकेक चिंचोका पुन्हा ओच्यात टाकायची. आकडा जुळला की मगच पुढची रांग हलायची. परतीच्या खेपांनाही हेच. संध्याकाळी तिच्या डाव्या तळहातावर चिंचोक्यांचे वळ उठलेले असायचे आणि आम्ही मुली त्यावर खोबरेल चोळायचो. बायकांची रांग वेगळी लावायची, तान्ह्या पोरांच्या आयांना सावलीत बसवायचं, उपासाच्या दिवशी काठावर शेंगदाण्याचे लाडू वाटायचे, हेही तिचंच. आम्ही मुली तिच्या हाताखाली, मुलगे आबांच्या हाताखाली. सासरी जाऊन संस्था चालवणाऱ्या, बचत गट उभे करणाऱ्या आमच्या दोघी बहिणी आजही म्हणतात की पहिलं सगळं आत्याच्या रांगेत शिकलो.

उन्हाळ्यात भीमा आटायची. लोक पायी उतरायचे, नावेला काम नसायचं. अशा वेळी लाकडी नाव उन्हात ठेवली तर फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि मृगाला पाण्यात घातली की ती चाळणीसारखी गळते. म्हणून चैत्र संपता संपता नाव डोहात नेऊन बुडवायची. हा दिवस आम्हा पोरांचा सणच असायचा. सगळ्यांनी मिळून नदीतले गोटे आणायचे, एकेक करून नावेत मांडायचे. फेकायचे नाहीत, नाहीतर तळाची फळी दुखावते. नाव हळूहळू खाली बसायची, कड पाण्याच्या पातळीला यायची आणि मग एकदम आत जायची. आषाढाच्या आधी पुन्हा तीच पोरं बुड्या मारून गोटे काढायची, नाव वर यायची, फळ्या फुगून घट्ट झालेल्या असायच्या. मग सांध्यांत सुतळी ठोकायची आणि वरून डांबर. बहात्तरच्या दुष्काळात डोहात गुडघाभरच पाणी उरलं, तेव्हा आबांनी नावेवर पोती टाकली आणि आम्ही पोरं आळीपाळीनं ती भिजवत राहिलो. पिण्याच्या पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या घरानं हे केलं, आणि नावेला पाणी कशाला असं घरातल्या कुणीही विचारलं नाही.

पावसाळ्यात नाव चालेनाशी झाली की गुऱ्हाळातली काहील निघायची. त्या गोल काहिलीत बसून पूर ओलांडणारी माणसं आम्ही पाहिलीत. आबा त्याच्या विरुद्ध होते, पण अडलेली बाळंतीण असली तर तेच दोर घेऊन पाण्यात उतरायचे.

शिरूरच्या आजोळी पोहणं शिकलो. पाठीला वाळका भोपळा, कमरेला मामांचा पंचा. मामांचा नियम असा की ज्याला पोहायला येऊ लागलं त्यानं पुढच्या सुट्टीत एका लहानग्याला शिकवायचं, नाहीतर त्याला घाटावर यायची बंदी. त्यामुळं घरात न पोहणारं मूल उरलंच नाही.

आमच्यातला मधला दादा हुशार निघाला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. १८५४ सालचं ते कॉलेज, विश्वेश्वरय्या जिथं शिकले ते. तिथं पोचल्यावर दादानं पहिल्या पत्रात अभ्यासाचं काही लिहिलं नाही, बोट क्लबचं लिहिलं. कॉलेजचा बोट क्लब संगमाजवळ नदीकाठी आहे आणि तिथले विद्यार्थी १९२८ पासून रेगाटा, म्हणजे नौकांचा मेळा, भरवत आलेत. खालच्या बाजूला बंडगार्डनचा बंधारा आहे, जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झालेला. त्यानं पाणी अडतं म्हणून शहराच्या मधोमध नौका चालवण्याइतकं पात्र भरलेलं राहतं. पुण्यात त्याहून जुना क्लब आहे, १८६८ चा रॉयल कॅनॉट, पण तो सभासदांचा. कॉलेजच्या क्लबात सेक्रेटरी विद्यार्थी, बोटी सांभाळणारे विद्यार्थी, रात्र-रात्र जागून तराफे बांधणारेही विद्यार्थीच. दादानं लिहिलं होतं, “इथं वल्ही मारायला सगळे पुढं येतात. बोटी धुवायला, वॉर्निश लावायला, खांद्यावरून आत ठेवायला थोडे राहतात. मी त्यांच्यात आहे.” आबांनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं.

पुढं दादा तिथल्या व्यवस्थेत वरच्या जागेवर गेला आणि एका मार्चमध्ये आम्ही सगळे रेगाटा पाहायला गेलो. दौंड-पुणे शटलनं, दशम्या, ठेचा आणि आत्याचे लाडू घेऊन. काठावर बसायला पायऱ्या आणि गर्दी ही एवढी. अंधार पडायला लागला तसे दिवे लागले. कयाक बॅले झालं, लांबलचक शेल बोटी धावल्या, पंट एका रांगेत येऊन आकृत्या झाल्या, मशाली नाचल्या, शेवटी बोटींचा बाण झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आमची सगळ्यांची नजर मात्र दादाला शोधत होती, आणि तो कुठल्याच बोटीत दिसेना. शेवटी धाकट्या भावाला तो सापडला. उजेडाच्या बाहेर, जेट्टीच्या टोकाला, हातात वही. प्रत्येक बोट परत लागली की तो नावावर खूण करत होता.

सगळं संपल्यावर तो आम्हाला भेटायला आला तेव्हा आत्यानं विचारलं, “एवढी पोरं अंधारात पाण्यात. एखादं बुडालं तर काढणारं कोण?” दादानं तिला बाजूला उभी राहिलेली बोट दाखवली. तिच्यात दोघं जण कार्यक्रमाकडं पाठ करून, पाण्याकडं डोळे लावून बसलेले होते. आत्या त्या दोघांकडं गेली आणि उरलेले लाडू त्यांना देऊन आली. आबा काही बोलले नाहीत. परतताना गाडीत म्हणाले, “पोरगं शेवटच्या खेपेला थांबलंय.” त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी घरात कुणाला मिळालेली नाही.

१९८० ला उजनी पूर्ण झालं आणि खालच्या अंगाला भीमेचं रूप पालटलं. गावं उठली, पाणी पसरलं, यशवंतसागराच्या कडेनं भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी यायला लागले, आणि मासेमारी करणाऱ्यांच्या बोटीत आता लांबून आलेले पाहुणे बसतात. सिद्धटेकला पूल झाला. पूल व्हायलाच हवा होता, दवाखान्याला नेताना वाटेत जीव गेलेली माणसं आम्हाला ठाऊक आहेत. पण पूल झाल्यावर काठावर उभं राहणारं कोणी राहिलं नाही, आणि नदीचं काय चाललंय ते बघणारंही. पुण्याचं मैलापाणी आणि जलपर्णी आता आमच्या दारावरून जाते. मामांची चिठ्ठी ज्या पाण्यानं यायची त्यात हात घालवत नाही. रेगाटाच्या पोरांनाही ती जलपर्णी छळते. संगमावरच्या पोरांचं आणि शिरापूरच्या शेतकऱ्याचं दुखणं एकच आहे, आणि त्यांनी ते एकत्र बसून बोलायला हवं, असं मला फार वाटतं.

आणि नावा संपलेल्या नाहीत. २१ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात कळाशी-कुगाव दरम्यान उजनीच्या पाण्यात बोट उलटली, सहा जीव गेले. त्यात लहान मुलं होती. ती बातमी आली त्या रात्री आमच्या घरच्या फोनवरच्या गटात कोणी झोपलं नाही. दादानं फक्त एवढं लिहिलं की यंदा विसर्जनाला आपण काठावर उभं राहायचं.

त्यातून घरचं पथक झालं. पुढाकार माझ्या पुतणीनं घेतला. ती पुण्यात नोकरी करते आणि दत्तू भोकनळची गोष्ट लहान पोरांना सांगत असते. चांदवडजवळच्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी गावातला हा मुलगा सैन्यात गेल्यावर वल्हं धरायला शिकला, रिओ ऑलिम्पिकला एकट्याच्या नौकेत तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्ण घेऊन आला. पोरांना पदकाचं कौतुक. पुतणी मात्र विचारते, चौघं एका ठोक्याला वल्हं मारतात म्हणजे काय, ते आधी सांगा.

यंदा शिरूरला मामेभावाकडं बसून यादी केली. दोर किती, लाइफ जॅकेट किती, मूर्ती घेऊन पाण्यात कोण जाणार, कंबरेपलीकडं पाणी लागलं की परत फिरा असं कोण सांगणार, मंडळाच्या कार्यकर्त्यांशी कोण बोलणार. जॅकेटसाठी वर्गणी घरातच काढली. पोहणाऱ्यांच्या दोन तुकड्या केल्या, म्हणजे एक दमली की दुसरी उतरेल. दादाचं वय झालंय, त्यानं स्वतःहून जागा मागितली ती सगळी मंडळं गेल्यावर पाण्याच्या कडेनं शेवटचा फेरा मारायची.

माझं नाव पुतणीनं चहा-पाण्याकडं लिहिलं होतं. मी ते खोडून मोजणीकडं घातलं. “आत्या, वही देते तुम्हाला, किंवा फोनमध्येच करा,” ती म्हणाली. वही घेणार आहे. चिंचोकेही नेणार आहे.