तृणमणी आणि दंतकथा

बाळाचा पहिला दात डोकावू लागला, की घरातल्या मोठ्यांची अक्कलदाढ हलू लागते. आपण दृष्टमणी बांधतो. तिकडे युरोप-अमेरिकेत तृणमण्यांची, म्हणजे अंबरची माळ घालतात. हा मणी म्हणजे बाल्टिक समुद्राकाठी सापडणारा, झाडाचा दगड झालेला चीक. वय सुमारे ४ कोटी वर्षे! घासला की गवताची काडी ओढतो, म्हणून तृणमणी. गिऱ्हाईकही ओढतो. विकणारे सांगतात, अंगाच्या उबेनं त्यातलं सक्सिनिक आम्ल पाझरतं, कातडीत मुरतं आणि हिरडीची ठणक थांबते.

आता बघा, ४ कोटी वर्षांची ही मुदत ठेव! वरून समुद्र गेला तरी मोडली नाही, आणि बंडूच्या गळ्यात पडताच व्याज देणार? ठणक थांबल्याचा पुरावा अजून कुणी काउंटरवर ठेवलेला नाही.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण दीड वर्षाचं एक मूल माळेसकट झोपलं आणि तिचाच फास बसून गेलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं डिसेंबर २०१८ मध्ये ही हकीगत सांगून अशा माळा घालू नका, असं बजावलं. माळ तुटली, तर मणी घशात अडकायची भीती. गळ्यातल्या दृष्टमण्याच्या दोऱ्यालाही हाच हिशेब लागू.

हिरडी ठणकतेय? स्वच्छ धुतलेल्या बोटानं हळूच चोळा. बाळ चावलं तर ओरडायची पाळी आपली; पण तेवढा खर्च परवडतो.