मागच्या सीटचा कौल

सुरतेत राहणाऱ्या खानदेशी माणसाची शनिवार-रविवारची सहल बहुधा गावाच्या वाटेनेच जाते. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत नंदुरबार, धुळे, जळगावकडची कितीतरी कुटुंबे वर्षानुवर्षे राहत आहेत. कुणी लूमवर, कुणी कापड बाजारात, कुणी शाळा-कॉलेजात. रेल्वेला गर्दी, एसटीची वेळ जमत नाही; म्हणून हल्ली घरोघरी एकच विषय निघतो. गावीही जाता येईल आणि जरा फिरताही येईल, अशी एखादी मोठी मोटारसायकल घ्यावी का?

आमच्या महाविद्यालयातले विद्यार्थी आणि तरुण सहकारीही विचारतात, "सर, दोनशेची घेऊ की साडेतीनशेची?" मी त्यांना उलट विचारतो, "आधी सांगा, मागे कोण बसणार?"

हा प्रश्न का, ते आपला रस्ताच सांगतो. सुरत सोडली की बारडोलीपर्यंत सपाट मुलूख, दोन्ही बाजूंना ऊस. १९२८ च्या सत्याग्रहाचे हे गाव. पुढे व्यारा, मग सोनगड. तिथे डोंगरावर पिलाजीराव गायकवाडांचा किल्ला दिसतो आणि जवळच तापीवरचे उकाई धरण. नवापूरला राज्य बदलते. तिथल्या रेल्वे स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. फलाटावरचे बाकडेसुद्धा दोन राज्यांत वाटलेले! विसरवाडीनंतर साक्री-धुळ्याकडे जाणाऱ्याला कोंडाईबारीचा घाट लागतो. सुरत ते धुळे हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. सपाट महामार्ग, अवजड ट्रक, घाट आणि शेवटी गावचा खडबडीत रस्ता, असे सगळे एका दिवसात.

दुसरी आवडती वाट सापुताऱ्याची. वघईपासून डांगच्या जंगलातून वळणे घेत रस्ता सुमारे हजार मीटर उंचीवर पोचतो. बरेच जण तिथून खाली उतरून वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला जातात. पावसाळ्यात इथे धुके इतके दाट की पुढचे वळण दिसत नाही.

आता गाडीकडे वळू. तरुणांचा पहिला प्रश्न वेगाचा. केंद्र सरकारने २०१८ साली चौपदरी महामार्गावर मोटारसायकलसाठी कमाल वेग ताशी ८० किलोमीटर ठरवला. म्हणजे दीडशेच्या वेगाचे पैसे मोजून उपयोग काय? आपल्याला हवी ती दोन माणसे आणि सामान घेऊन सत्तर-पंचाहत्तरने न कण्हता चालणारी गाडी.

इथे ताकद आणि जोर यांतला फरक समजून घ्यावा. पल्सर एनएस २०० ची ताकद चोवीस अश्वशक्तीच्या आसपास. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ची वीसच. कागदावर पल्सर पुढे. पण क्लासिकचा ओढण्याचा जोर २७ न्यूटन-मीटर, आणि तो इंजिनाच्या मिनिटाला ४००० फेऱ्यांवरच मिळतो. पल्सरचा जोर १९ च्या आत, आणि तोही ८००० फेऱ्यांवर. म्हणून मागे माणूस बसलेला असताना घाटात एकीला सारखे गिअर बदलावे लागतात, दुसरी संथपणे चढून जाते. एकटा फिरणाऱ्या तरुणाला पहिली शोभते, जोडप्याला दुसरी.

मात्र साडेतीनशेच्या गाड्या जड. होंडा सीबी ३५० किंवा क्लासिक म्हणजे १८० ते १९५ किलो. गावच्या उतारावर, चिखलात ती मागे ढकलून पाहा, मग कळते! उंची बेताची असेल, रस्ता कच्चा असेल, तर दीडशे-दोनशे सीसीची हलकी गाडी अधिक शहाणपणाची. सापुतारा तीही चढते. फक्त वेळ थोडा जास्त धरावा.

साडेतीनशेच्या पुढे जावे का? २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के झाला. हिमालयन ४५० सारखी गाडी उत्तम, पण वर्षातून दोनदा लडाखला न जाणाऱ्या नोकरदाराने हा जादा भार का सोसावा?

एवढे झाले की मूळ मुद्दा. शोरूममध्ये गाडी पाहतो पुरुष, टाकीवर हात फिरवतो पुरुष, आणि तीन तास मागे बसते पत्नी, नाहीतर वृद्ध आई-वडील. हल्लीच्या कित्येक गाड्यांची मागची सीट उंच आणि चिंचोळी, धरायला काही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागच्या माणसासाठी हाताची पकड, पाय ठेवायची जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मे चाक झाकणारे आवरण असलेच पाहिजे. साडी आणि ओढणी चाकात अडकून काय होते, हे वेगळे सांगायला नको. तेव्हा दिसायला बरी नाही म्हणून साडी-गार्ड काढून टाकू नये. साडीत एका बाजूला बसून लांबचा प्रवासही करू नये, सलवार-कमीज बरा. हेल्मेट दोघांनाही हवे.

लहान मुलांचे काय? नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला पट्टा आणि हेल्मेट सक्तीचे, वेग चाळीसच्या आत, असा नियम २०२२ साली जाहीर झाला. चाळीसने धुळे गाठायला निम्मा दिवस जाईल. त्यापेक्षा मूल लहान असेपर्यंत रेल्वेच बरी.

सीमेवरच्या लोकांना आणखी एक व्यवधान असते. गाडी सुरतेत घेतली आणि नंतर ती कायमची गावी ठेवली, तर बारा महिन्यांनंतर तिकडची नोंदणी घ्यावी लागते, करही भरावा लागतो. म्हणून गाडी मुक्कामाला कुठे राहणार, ते आधीच ठरवावे. तसेच नवापूर-साक्रीच्या मिस्त्रीला जिचे काम येते आणि जिचे सुटे भाग तिथे मिळतात, तीच आपली गाडी. एबीएस ब्रेक आणि ट्यूबलेस टायर मात्र सोडू नयेत. ओल्या घाटात आणि रात्रीच्या पंक्चरला तेच उपयोगी पडतात.

माझ्या पाहण्यातल्या काही घरांत हौसेने तडफदार गाडी आली. पहिल्या खेपेनंतर वहिनींची पाठ धरली, दुसऱ्या खेपेला त्या घरीच थांबल्या. पुढे नवराही एकटा जायचा कंटाळा करू लागला. गावी म्हातारी माणसे दर रविवारी वाट बघत राहिली. आडमुठी सीट घरातल्या नात्यांवर असा परिणाम करते.

म्हणून वाचकहो, गाडी घ्यायची असेल तर शोरूममध्ये दोघांनी जावे. चालवून बघायला देतील तेव्हा मागे बसणाराला घेऊनच निघावे. गल्लीत दोन फेऱ्या मारून परतू नये. उधन्याहून निदान पलसाण्यापर्यंत जाऊन यावे. उतरल्यावर मागच्या माणसाला विचारावे, "अजून शंभर किलोमीटर बसशील का?" आनंदाने होकार आला, तरच पैसे भरावेत.