कॅसेटची दुसरी बाजू

बाबांच्या भजनी मंडळाला साखर कारखान्याच्या पाळ्यांनी कधी धड एकत्र बसू दिलं नाही. चलथाणचा कारखाना दिवाळीच्या सुमारास सुरू झाला की उन्हाळा तापेपर्यंत गळीत थांबत नसे. पखवाजवाले आप्पा पहिल्या पाळीत, वीणा घेणारे जिभाऊ रात्रपाळीत आणि बाबांची पेटी दुसऱ्या पाळीत. एकादशीला तिघं एका वेळी मोकळे असले तर तो योगच. एरवी आप्पा दुपारी येऊन बाबांसमोर तासभर वाजवून जायचे, जिभाऊ सकाळी कामावरून परतताना दारातच उभे राहून एखादी चाल गुणगुणायचे आणि झोपायला जायचे. मंडळ होतं, पण तुकड्यातुकड्यांत होतं.

ही सगळी खानदेशची माणसं. काकरापारच्या कालव्यांचं आणि पुढे १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाचं पाणी मिळालं तसा सुरत जिल्ह्यात ऊस पसरला, आणि उसामागून माणसं आली. तोडणीला डांगातून, खानदेशातून कोयते आले; कारखान्यात फिटर, वेल्डर म्हणून बाबांसारखे अमळनेरकडचे तरुण आले. ताप्ती व्हॅलीची रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभापासून सुरत आणि खानदेश जोडून आहे. चलथाण हे तिच्यावरचंच लहानसं स्टेशन. त्यामुळे घर सोडलं तरी घराकडची गाडी रोज दारावरून जायची. बाबांची पेटी याच गाडीने आली, बाकाखाली ठेवून, गोधडीत गुंडाळून.

आणि याच गाडीने आमच्याकडून कॅसेटी जायच्या. हे सांगितलं की आजची मुलं विश्वास ठेवत नाहीत. बाबांना पेटी शिकवणारे गुरुजी अमळनेरला होते, आणि रजा मिळून तिकडे जायचं म्हणजे वर्षातून एखाद्या वेळी. तेव्हा बाबांनी टेपरेकॉर्डर घेतला. रविवारी खिडक्या बंद करून, आम्हाला गप्प बसवून ते कॅसेटच्या एका बाजूवर चार अभंग वाजवायचे, आणि गावाकडे निघालेल्या कुणाच्या तरी पिशवीत ती कॅसेट टाकायचे. महिन्या-दीड महिन्याने ती परत यायची. दुसऱ्या बाजूवर गुरुजी असायचे. आधी खोकल्याचा आवाज, मग ‘जय हरी’, मग बोलणं. काय जमलं ते प्रथम सांगायचे, आणि नेमकं सांगायचे: दुसऱ्या अभंगाच्या अंतऱ्यात धैवतावर थांबलास, ते थांबणं मला आवडलं. मग चुकीकडे वळायचे. तिसऱ्यात भात्याचा दम मध्येच सुटतोय, डाव्या हाताकडे बघ. आणि शेवटी तीच जागा स्वतः वाजवून दाखवायचे, एकदा सावकाश, एकदा लयीत.

बाबा ती बाजू किती वेळा ऐकायचे! मी ऐकत ऐकतच पेटी शिकले. मला कुणी बसवून शिकवलं नाही. पण गुरुजींचं बाबांना सांगणं मी सगळं वेचलं. माझ्या बोटांना आजही जे थोडंफार कळतं ते त्या दुसऱ्या बाजूवरून आलेलं आहे.

पेटी हे वाद्य हौशी माणसांनीच सांभाळलं, असं मला फार वाटतं. युरोपातून ती पायपेटी होऊन आली आणि कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी तिला मांडीजवळ आणलं, एका हाताने भाता आणि दुसऱ्याने सूर. मग तिच्यावर आक्षेप आले: मींड येत नाही, श्रुती बसत नाहीत, पट्टी दाबली की सूर ठरलेला. आक्षेप खरे होते. १९४० साली आकाशवाणीने तिला बाहेर ठेवलं ते तब्बल १९७१ पर्यंत. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी जिच्यातून गळ्याचं गाणं काढून दाखवलं होतं, त्या वाद्याला रेडिओवर तीस वर्षं जागा नव्हती. पण त्या तीस वर्षांत देवळाच्या ओट्यावर, गिरणगावात, कारखान्याच्या चाळींत पेटी रोज वाजत होती. कुठल्याही केंद्राची मान्यता नसलेली माणसं ती वाजवत होती आणि तशीच माणसं ‘वा!’ म्हणत होती.

आमच्या पेटीला सुरतेची दमट हवा सोसत नसे. पावसाळा संपला की एखादा सूर हटकून बेसूर व्हायचा. बाबांनी पालिताण्याचे सूर बसवून घेतले होते, आणि जुळवणी ते स्वतः करायचे: पितळी पट्टीचं टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. हे काम इतकं नाजूक की तेवढा वेळ घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही.

बाबा गेल्यावर पेटी माझ्याकडे आली आणि बरीच वर्षं कपाटावर राहिली. तिच्यावरचं माझं प्रेम कमी झालं नव्हतं. पण बाईने वाजवायचं कुठे? मंडळं रात्री बसायची, पुरुषांची बसायची. महिला भजनी मंडळ सुरतेत होतं, पण चलथाणहून लिंबायतला जाऊन रात्री परतायचं हे घर-नोकरी सांभाळून जमणारं नव्हतं. एकटीने वाजवून पाहिलं. मात्र ऐकणारं कुणी नसलं की हात आपोआप त्याच दोन सोप्या चालींकडे वळतो, हे मी अनुभवलं आहे.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, घरोघरी फोन आले. पण आमचा फोनवरचा भजनाचा गट खरा सुरू झाला तो २०२० साली. त्या वर्षी आषाढी १ जुलैला होती आणि पालख्या चालत निघाल्याच नाहीत; पादुका एसटीने पंढरपुरात नेल्या. नेम मोडलेली किती माणसं तेव्हा अस्वस्थ होती! आमच्या ओळखीतल्या एका पखवाजवाल्याने, तो पांडेसऱ्यात डाईंग मिलमध्ये कामाला आहे, एकादशीला स्वतःचा ठेका रेकॉर्ड करून सात-आठ जणांना पाठवला आणि खाली लिहिलं, यावर कुणीतरी गा. नंदुरबारहून एकाने गाऊन पाठवलं. मी कपाटावरून पेटी काढली.

आज त्या गटात उधना, डिंडोली, नवापूर, अमळनेर, पुण्यापर्यंतची माणसं आहेत. व्यावसायिक एकही नाही. मिलमध्ये बारा तासांची पाळी करणारे आहेत, शिक्षक आहेत, घरी साड्यांना स्टोन लावणाऱ्या बायका आहेत. डिंडोलीची एक ताई पहाटे चारला उठून गाते, कारण त्यानंतर घर तिचं राहत नाही. तिचा आवाज एरवी मला कधी ऐकूच आला नसता. ती म्हणते, मंडळात मी टाळ धरून मागे बसायचे, माझा आवाज कसा आहे ते मलाच ठाऊक नव्हतं. एकत्र गाण्यात आधार असतो, तसंच आपला आवाज त्यात लपूनही जातो. फोनवर ती एकटी उभी राहते आणि तिला पूर्ण ऐकलं जातं. भजनात मागे बसलेल्या कितीतरी बायकांच्या वाट्याला हे आलं नव्हतं.

पूर्ण ऐकणं यावर मात्र मी हटून बसते. रेकॉर्डिंग आल्याआल्या अर्ध्या मिनिटात हात जोडलेली चिन्हं आणि फुलं पडतात, ती मला खरी दाद वाटत नाही. पाच मिनिटांचं गाणं अर्ध्या मिनिटात कुणी ऐकलं? म्हणून मी गुरुजींची रीत चालवते. शेवटपर्यंत ऐकते, आणि मग वेळ टाकून लिहिते: १:४० ला मध्यम हलला, ३:१० ची जागा मात्र सुंदर. आता बाकीचेही तसं लिहायला लागले आहेत. पांडेसऱ्याचा तो पखवाजवाला अहिराणीत एवढंच म्हणतो, ‘भारी वाजाडं, आखो धाड.’ पण तो हे दुसऱ्या दिवशी लिहितो, पाळी संपवून, ऐकून झाल्यावर. त्याच्या चार शब्दांना गटात वजन आहे ते यामुळेच.

एक खंत होती, की हे सगळं आळीपाळीने चालतं. फोनवर दोघांना एकाच क्षणी वाजवता येत नाही. आवाज पोचायला उशीर होतो, आणि हा उशीर एका सेकंदाच्या तेहतिसाव्या हिश्शापलीकडे गेला की लय टिकत नाही. तेवढ्या वेळात हवेतून आवाज साधारण दहा मीटर जातो. म्हणजे देवळाच्या सभामंडपाएवढं अंतर. जुन्या लोकांनी मंडळ दाटीवाटीने का बसवलं ते यावरून कळतं. शिवाय लांबवलेला सूर फोनला गोंगाट वाटतो आणि तो कापून टाकतो. व्हिडिओ कॉलवर माझी पेटी मध्येच नाहीशी व्हायची.

म्हणून गेल्या श्रावणात, कानबाईच्या सणाच्या आधल्या आठवड्यात, आम्ही डिंडोलीत एका सोसायटीच्या हॉलमध्ये प्रत्यक्ष भेटलो. मला वाटलं होतं, इतकी वर्षं एकमेकांना ऐकतोय, बसलो की जमेल. जमेना. प्रत्येकाला रेकॉर्डिंगमध्ये आपल्या मर्जीने थांबायची सवय लागलेली. समेवर कुणी आधी येई, कुणी नंतर. पखवाजवाला शाईकडे बघत नुसता ठेका देत राहिला, न चिडता, एकच भजनी ठेका, कितीतरी वेळ. मग पहाटेची ताई त्याच्याजवळ सरकून बसली, तिच्यामागे नवापूरचे दादा सरकले, आणि आम्ही सगळे त्या ठेक्याभोवती आलो. तेव्हा कुठे गजर उभा राहिला. डिंडोलीच्या ताईचा आवाज मी तेव्हा प्रथमच माझ्या पेटीसोबत ऐकला. फोनवर वाटला होता त्याहून तो मोठा आणि खूप मोकळा आहे.

आता दर दोन महिन्यांनी भेटायचं ठरलंय. पाळ्या काही सुटलेल्या नाहीत, त्यामुळे सगळे येतील असं होत नाही. येत्या एकादशीचा ठेका पखवाजवाल्याने आठवडाभर आधीच पाठवून दिला आहे, काळी चारमध्ये, कणीक ताजी लावून. त्यावर प्रत्येकाने आपापल्या घरी बसवायचं आणि रविवारपर्यंत पाठवायचं. ताईचं आज सकाळी आलं. दुसऱ्या कडव्यात ती श्वास लवकर घेतेय, तेवढं तिला लिहायचं आहे, आणि त्याआधी शेवटच्या आलापाबद्दल.