देवळालीचे कापरेकर मास्तर आणि सारख्या अंकांची रांग

१/ नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे एक गृहस्थ शाळेत शिकवीत होते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण ठाण्यात व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातले आसन नाही. तरीही अंकगणिताच्या परिभाषेत दोन मराठी गावांची नावे गेली ती त्यांच्यामुळे: देवळाली आणि डोंबिवली.

२/ डोंबिवलीची कथा रेल्वेची आहे. तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरील या स्थानकाचे नाव ‘डेम्लो’ असे लिहिले जाई. तेथेच एका संख्याकुळाचा विचार कापरेकरांनी सुरू केला, म्हणून त्या ‘डेम्लो संख्या’. त्यांच्यावरचा लेख १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये आला.

३/ डेम्लो संख्येचे तीन भाग असतात. मधल्या भागात एकच अंक पुन्हापुन्हा येतो. डाव्या व उजव्या भागांची बेरीजही त्याच अंकाने भरलेली असते. उदा. २५५३ : २ + ३ = ५, मध्ये ५५. किंवा ४७७७३ : ४ + ३ = ७, मध्ये ७७७. १११ चा वर्ग १२३२१ हाही याच कुळातला : १२ + २१ = ३३, मध्ये ३.

४/ अशी संख्या ओळखताना डोळा प्रथम शोधतो ती सलग सारख्या अंकांची रांग. संगणकही तेच करतो. पहिल्या अंकापासून निघावे. प्रत्येक अंक पुढच्याशी ताडून पाहावा. सारखा असेल तर रांग वाढवावी, नसेल तर तिचा अंक व लांबी नोंदवून नवी रांग सुरू करावी. ४७७७३ मधून हाती येते : एक ४, तीन ७, एक ३. एकाच फेरीत काम संपते.

५/ येथे ‘जेनेरिक प्रोग्रॅमिंग’चा विचार उपयोगी पडतो. अलेक्झांडर स्टेपानोव्ह व डेव्हिड मसर यांनी १९८० च्या दशकात तो मांडला. कृतीला खरोखर काय लागते तेवढेच मागावे, अधिक नाही, हे त्याचे सार. रांग शोधायला बेरीज लागत नाही, लहानमोठेपणा लागत नाही; लागते फक्त ‘हे दोन सारखे आहेत काय?’ या प्रश्नाचे उत्तर. मग तीच कृती अंकांवर चालते, अक्षरांवर चालते, पावसाच्या व कोरड्या दिवसांच्या नोंदींवरही चालते. स्टेपानोव्ह यांचे असे ग्रंथालय १९९४ साली सी प्लस प्लसच्या प्रमाणमसुद्यात स्वीकारले गेले.

६/ पण रांग सापडली म्हणजे डेम्लो संख्या सापडली असे नव्हे. २५५५३० पाहा. डावा भाग २५, उजवा ३०, बेरीज ५५, मध्ये ५५. संगणकाला मात्र तीन ५ सलग दिसतात, कारण डाव्या भागाचा शेवटचा अंकही ५ च आहे. सारखेपणा सीमा दाखवीत नाही. ती बेरीज करूनच ठरवावी लागते. यंत्राचे काम संपते तेथे अर्थाचे काम सुरू होते.

७/ कापरेकरांच्या ६१७४ या प्रसिद्ध स्थिरांकाच्या दारातही रांगच उभी आहे. चार अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी. ३५२४ पासून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. सात पायऱ्यांच्या आत प्रत्येक संख्या तेथे पोचते. अपवाद फक्त ११११, २२२२ अशांचा : चारही अंकांची एकच रांग, आणि वजाबाकी शून्य.

८/ या साऱ्याला त्या काळी अनेक भारतीय गणितज्ञ पोरखेळ म्हणत. मास्तरांनी आपल्या कित्येक पुस्तिका पदरमोड करून छापल्या. निवृत्तीनंतर पेन्शन पुरत नसे, तेव्हा शिकवण्या केल्या. संख्यांशी चाललेली सोबत सोडली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, आणि जगाने देवळालीकडे मान वळवली. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. १९८६ साली ते गेले. शेजारच्या दोन अंकांना थांबून न्याहाळण्याचा त्यांचा तो ‘पोरखेळ’ आज प्रोग्रॅमिंग शिकणारी मुले पहिल्याच वर्षी गिरवतात.